आधी ब्रेक द्या, मग अपग्रेड विका

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि विक्री विभागप्रमुख,
आमच्या विजेच्या गाडीची निर्माती कंपनी

विषय : समोर धडक होणार असे दिसताच आपोआप लागणारा, गाडीत बसवलेला आपत्कालीन ब्रेक पैसे भरेपर्यंत बंद ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचे नाव या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही. चेसिस नंबर, बिलाची प्रत आणि सगळी हकिगत मी तुम्हाला ई-मेलने आधीच कळवली आहे. उत्तरादाखल ‘आपल्या बहुमोल प्रतिक्रियेबद्दल आभार’ एवढी एक ओळ आली. ती माणसाने लिहिली की यंत्राने, देव जाणे. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. आज जे तुम्ही करता आहात ते उद्या दुसरी कंपनीही करील, आणि विजेची गाडी घ्यायला निघालेल्या नाशिककरांना हे आधीच माहीत असलेले बरे.

मी अंबड एमआयडीसीत एक छोटे प्रेस शॉप चालवतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लिपा बनवतो, म्हणजे तुमच्याच धंद्यातला, फक्त अगदी तळाच्या पायरीवरचा. गाडी घेतली ती सुनेसाठी. ती सिन्नरकडच्या एका शाळेत शिकवते. रोजचा रस्ता नाशिक-पुणे : नाशिकरोडची गर्दी, चेहेडी, पळसे, शिंद्याचा टोलनाका आणि मग मोहदरी घाट. या रस्त्यावर ज्याचे घरचे माणूस रोज गाडी चालवते, त्याला ब्रेक या विषयात रस का असतो हे वेगळे सांगायला नको.

शोरूममध्ये आम्ही टॉप मॉडेल मागितले होते. तुमच्या डीलरच्या मुलानेच परावृत्त केले. “काका, त्याला वेटिंग आहे. मधलं घ्या ना. कॅमेरा, रडार, सगळं ह्यात आहेच. नंतर फक्त सॉफ्टवेअर टाकायचं, घरबसल्या होतं.” त्याने आरशामागे काचेला चिकटवलेला कॅमेरा दाखवला, पुढच्या बंपरच्या जाळीमागची रडारची काळी चौकोनी टोपी दाखवली. मला त्यातले ब्रॅकेट आवडले, ते सोडा. अपग्रेडला किती पडतील असे विचारल्यावर तो म्हणाला, “फार नाही.” बुकिंगच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता, ब्रोशरमध्ये एक चांदणी होती आणि त्या चांदणीच्या तळटीपेत ‘अटी लागू’ एवढेच.

गाडी आल्यावर पहिले काही आठवडे तुम्ही सगळ्या सोयी ‘अनुभवासाठी’ मोफत चालू ठेवल्या. त्यातच एका संध्याकाळी पळशाच्या अलीकडे सुनेच्या पुढे उसाची ट्रॉली आली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांत. तिच्याच शब्दांत सांगतो : “बाबा, मला आधी लाल अक्षरं दिसली, मग बीप ऐकू आला, आणि मी पाय उचलून ब्रेकवर नेईपर्यंत गाडीने ब्रेक धरलेला होता.” बाहेर आलेले उसाचे शेंडे बॉनेटच्या वर आले होते, इतक्या जवळ गाडी थांबली. पुढच्या काचेला एक पान चिकटले होते, तेवढेच नुकसान. त्या दिवशी मी तुमच्या इंजिनिअरांना मनापासून दुवा दिला. तो आजही परत घेणार नाही.

मग तो ‘अनुभव’ संपला. सकाळी शाळेत निघताना स्क्रीनवर संदेश आला की आपला मोफत कालावधी पूर्ण झाला आहे. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. समोरील धडकेचा इशारा : कुलूप. आपत्कालीन ब्रेक : कुलूप. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा इशारा : कुलूप. खाली निळे बटण, ‘आत्ताच अपग्रेड करा’. किंमत ६० हजार रुपये, अधिक जीएसटी.

आणि खरी गोम पुढेच आहे. गाडी चालू असताना स्क्रीनवर पुढच्या वाहनाचे करडे चित्र अजूनही उमटते. रिक्षा आली तर रिक्षा, ट्रक आला तर ट्रक. म्हणजे कॅमेरा पाहतो आहे, रडार अंतर मोजते आहे, आतला कॉम्प्युटर समोर काय आहे ते ओळखतोही आहे. गाडीला दिसते, पण थांबायची परवानगी नाही! एखादी वस्तू गाडीतच नसेल तर माणूस समजू शकतो. स्वस्त गाडीत कमी सोयी असणारच. पण ज्या भागांचे पैसे मी शोरूमच्या किमतीत मोजले आहेत आणि जे माझ्याच बॅटरीवर चालू आहेत, त्यांनी ट्रॉली पाहून गप्प बसायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. मी तुम्हाला चार भोकांचे ब्रॅकेट पाठवले, चौथ्या भोकात रबरी बूच ठोकून, आणि कळवले की बूच काढायचे बिल वेगळे येईल, तर तुमचा इन्कमिंग इन्स्पेक्शनवाला काय करील? अख्खा लॉट रिजेक्ट करून टेम्पो माघारी पाठवील आणि वर डेबिट नोट लावील. बरोबरच करील.

गैरसमज नको म्हणून सांगतो, सॉफ्टवेअरचे पैसे घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. सॉफ्टवेअर लिहायलाही माणसे लागतात, त्यांचे पगार असतात. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की तुम्ही आराम आणि जीव एकाच पोतडीत भरून विकता आहात.

पुढच्या गाडीच्या वेगाप्रमाणे आपला वेग आपोआप कमीजास्त करणारा क्रूझ आणि गाडी लेनच्या मधोमध ठेवणारी सोय, हा आराम झाला. मोफत कालावधीत आम्ही भरवीरवरून समृद्धी महामार्गावर चढलो आणि शिर्डीला जाऊन आलो. तिथे लेनचे पट्टे ठसठशीत, वेगमर्यादा १२०, आडवे काही येत नाही. या सोयींनी छान काम केले, पाय दुखले नाहीत. याचे पैसे जरूर घ्या, ज्याला हवे तो भरील. शहरात मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही. मुंबई नाक्यावर पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवले की त्या अंतरात एक रिक्षा आणि दोन स्कूटर सुखाने संसार थाटतात आणि आपली गाडी बिचारी मागे मागे सरकत राहते. त्र्यंबक रोडला पावसाळ्यानंतर पट्टे शोधावे लागतात, तर तुमचा कॅमेरा काय शोधणार?

आपत्कालीन ब्रेक हा आराम नव्हे. त्याला पट्टे लागत नाहीत, समृद्धी लागत नाही. रडारला अंधाराचे सोयरसुतक नसते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली सगळी या ब्रेकने वाचली असती असा दावा कोणी शहाणा करणार नाही. ट्रॉलीला दिवा लावायचे काम ट्रॉलीवाल्याचे आणि तो लावला की नाही हे पाहायचे काम आरटीओचे, त्यांनाही वेगळे पत्र लिहायचे आहे. पण जो ब्रेक गाडीत बसवून तयार आहे तो बंद ठेवण्याचा निर्णय फक्त तुमचा आहे. त्यात ना आरटीओचा हात, ना ट्रॉलीवाल्याचा.

जग कुठे चालले आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. युरोपात ७ जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हा ब्रेक सक्तीचा आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये नियम करून सप्टेंबर २०२९ पर्यंतची मुदत घातली. टेस्ला जुलै २०२५ मध्ये मुंबईत आली तेव्हा तिने आपल्या एफएसडीसाठी (‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ नावाच्या, गाडी चालवायला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) गाडीच्या किमतीवर ६ लाख रुपये वेगळे लावले. ते भरमसाट आहेत की नाहीत हे घेणाऱ्याने ठरवावे, पण त्याच गाडीत आपत्कालीन ब्रेक त्या ६ लाखांशिवायही मिळतो. बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करायचे मासिक भाडे लावून पाहिले, लोकांनी छी-थू केली आणि २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. तिथे प्रश्न फक्त बूड शेकण्याचा होता.

आपल्याकडे या ब्रेकची खासगी मोटारींना सक्ती नाही, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. एके काळी एबीएसचीही, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचीही, नव्हती. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती झाली. त्याच वर्षी जुलैपासून ताशी ८० च्या वर बीप करणारा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. त्या बीपवर आपण सगळे वैतागतो, पण त्यासाठी कोणी महिन्याचे भाडे मागितलेले नाही. कायद्याने भाग पाडेपर्यंत थांबायचे की चार पावले आधी चालायचे, हे तुमच्या हातात आहे.

दुसरी तक्रार पैशांची. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. अपग्रेड मागाहून सॉफ्टवेअर म्हणून घेतले की तुमच्याच कोटेशनवर तो १८ टक्के लागतो. ६० हजारांवर ५ टक्क्यांनी ३ हजार झाले असते, तिथे १० हजार ८०० होतात. म्हणजे “नंतर टाका” या सल्ल्याचे ७ हजार ८०० रुपये. कर सरकारच्या खात्यात जातो हे मला कळते, तुम्ही तो खिशात घालता असे मी म्हणत नाही. पण बुकिंगच्या वेळी हा फरक सांगितला असता तर मी अपग्रेड गाडीबरोबरच घेतले असते आणि हे पत्रही लिहिले नसते. एवढा महत्त्वाचा मुद्दा विकणाऱ्याला माहीत नव्हता की त्याला तो सांगायचा नव्हता? दोन्ही उत्तरे तुमच्यासाठी वाईटच.

तिसरी गोष्ट मला ॲपमधल्या अटी वाचताना दिसली. अपग्रेड गाडीला नाही, खात्याला जोडलेले असते. गाडी विकली की ते संपले, घेणाऱ्याने पुन्हा ६० हजार भरायचे. जुन्या गाड्यांच्या बाजारात याचा अर्थ काय होतो तो नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या कुठल्याही एजंटला विचारा. मी पैसे भरून बसवलेली वस्तू माझ्या गाडीची किंमत एक रुपयाने वाढवत नाही. उद्या सुनेने नवा फोन घेऊन वेगळ्या नंबरवरून खाते उघडले तर काय होईल, यावर तुमच्या कॉल सेंटरने मला तीन वेळा होल्डवर ठेवून शेवटी “सर, तिकीट रेझ करतो” असे सांगितले. ते तिकीट अजून प्रवासात आहे.

काचेबद्दल थोडक्यात. मुंबई-आग्रा रस्त्यावर डंपरमागे गाडी असली की खडी उडून काच तडकणे ही रोजची गोष्ट आहे. काच बदलली की काचेमागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या नजरेची नेमकी जुळवणी, करावे लागते : सपाट जमीन, ठरावीक अंतरावर नक्षीचे बोर्ड, हा सगळा सरंजाम. कॅमेरा किंचित जरी तिरका बसला तरी लांबवरचा अंदाज भलतीकडे जातो. काच नाशिकच्या वर्कशॉपला बदलून मिळते, कॅलिब्रेशनला मात्र गाडी पुण्याला न्या, असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्या गाडीची नजर तपासायची आहे, तीच गाडी त्या नजरेने मोहदरी घाट आणि चंदनापुरी घाट ओलांडून न्यायची. ज्या शहरात मोटारींचा कारखाना आणि आमच्यासारखे पुरवठादार आहेत, तिथे एक सपाट खोली आणि दोन बोर्ड मिळत नाहीत यावर माझा विश्वास नाही. जागा हवी तर माझ्या शेडमध्ये देतो. (हे गमतीने लिहिलेले नाही.)

शेवटची तक्रार तुमच्या जाहिरातीच्या व्हिडिओची. हात मांडीवर, पाय सैल, परदेशातला रिकामा रस्ता. शोरूममधली मुले तोच दाखवून म्हणतात, “गाडी स्वतः चालते.” ती चालत नाही. तुमची ही प्रणाली लेव्हल दोनची आहे, म्हणजे स्टिअरिंग आणि वेग यांत ती मदत करते, पण नजर रस्त्यावर ठेवायची जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेले आहे, इंग्रजीत, बारीक अक्षरांत, कितव्या तरी शंभराव्या पानावर. टेस्लाला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्या सॉफ्टवेअर बदलासाठी रिकॉल कराव्या लागल्या. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर राहील याची तजवीज अपुरी आहे, असे तिथल्या यंत्रणेचे म्हणणे होते. तिथले चालक, तिथले रस्ते, आणि तरी ही गत.

आमचे रस्ते वेगळे आहेत, हे तुम्ही एकदा इकडे येऊन पाहा. जूनमध्ये निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि याच पळसे-सिन्नर रस्त्याने पंढरीला जाते. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाकडे रात्रभर माणसे रस्त्याच्या कडेने चालतात. घोटी-सिन्नर रस्त्यावर शिर्डीचे पदयात्री असतात. इगतपुरीच्या पावसात आणि कसाऱ्याच्या धुक्यात माणसालाच पुढचे दिसत नाही. २०२७ च्या ऑगस्टपासून सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत, तेव्हा या जिल्ह्यात पायी माणूस किती असेल याची कल्पना करा. घोंगडे पांघरून, डोक्यावर गाठोडे घेऊन, पाठमोरा चालणारा माणूस तुमच्या कॅमेऱ्याला माणूस म्हणून ओळखू येतो का? मुसळधार पावसात प्रणाली बंद पडते का, आणि पडली तर सांगते का? किती वेगापर्यंत गाडी स्वतः पूर्ण थांबते आणि कितीच्या पुढे फक्त वेग कमी करते? ६० हजार मागणाऱ्याने या प्रश्नांची उत्तरे एका छापील कागदावर, मराठीत द्यावीत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

तर माझ्या मागण्या अशा.

ज्या ज्या गाडीत कॅमेरा आणि रडार कारखान्यातूनच बसून आले आहेत, त्या प्रत्येक गाडीत समोरील धडकेचा इशारा, आपत्कालीन ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉटचा इशारा कोणतेही शुल्क न घेता कायमचे चालू करा. बाकी काही जमले नाही तरी हे एवढे कराच.

आरामाच्या सोयींची किंमत वेगळी लावा आणि ती करासकट, बुकिंगच्या कागदावर, सही घेण्याआधी लिहून द्या. गाडीबरोबर घेतले तर किती, मागाहून घेतले तर किती, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. विकलेले अपग्रेड चेसिस नंबरला जोडा, म्हणजे ते गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाईल. ज्यांना “नंतर टाका” असे सांगून मधले मॉडेल दिले, त्यांना कराचा फरक सवलत म्हणून वळता करा.

नाशिकमध्ये कॅलिब्रेशनची सोय करा. मर्यादांचे मराठी पत्रक गाडीच्या चावीबरोबर द्या आणि शोरूममधल्या मुलांनाही ते वाचायला लावा. रात्रीतून येणाऱ्या अपडेटने ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या वागण्यात काही फरक पडणार असेल, तर तो आधी कळवा, “किरकोळ सुधारणा” असे मोघम लिहू नका.

यातले काहीही तुमच्या ताळेबंदाला बुडवणारे नाही. पहिली मागणी तर तुमच्या सर्व्हरवरून एका रात्रीत होण्यासारखी आहे. मोफत कालावधी संपला तेव्हा कुलूप लावायला तुम्हाला एक रात्रच लागली होती.

हे पत्र प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मी लेखी उत्तराची वाट पाहीन. उत्तर आले तर, ते माझ्या विरोधात असले तरी, जसेच्या तसे इथेच सर्वांसमोर ठेवीन. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, आणि ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीचे प्रकरण जिल्हा आयोग ऐकतो. आमची गाडी त्या रकमेच्या खूप खाली आहे. नाशिकमधल्या ज्या गाडीमालकांच्या स्क्रीनवर हेच कुलूप आहे त्यांनी त्या स्क्रीनचा फोटो, बुकिंगचा कागद आणि शोरूमशी झालेले व्हॉट्सॲप बोलणे जपून ठेवावे. एकत्र तक्रार करता आली तर वकिलाचा खर्चही वाटून जाईल.

कळावे,

आपला ग्राहक
(अंबड, नाशिक)

ता. क. : हे पत्र लिहीत असतानाच तुमच्या ॲपवरून संदेश आला : ‘सुरक्षेवर तडजोड नको! अपग्रेडवर १० टक्के सूट, फक्त रविवारपर्यंत.’ हा मजकूर ज्याने लिहिला त्याच्यापर्यंत वरची पहिली मागणी आधी पोहोचवावी ही विनंती.